आकडा बरोबर, प्रकार चुकीचा : विंडोज रजिस्ट्रीतील नेटवर्कच्या नोंदी

विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात नेटवर्कची बरीचशी मांडणी 'रजिस्ट्री' या नोंदसंग्रहात साठवलेली असते. तेथील प्रत्येक नोंदीला तीन अंगे असतात : नाव, प्रकार आणि मूल्य. जोडणी बिघडली की नाव आणि मूल्य तपासले जाते; प्रकाराकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. काही चिवट बिघाडांचे मूळ नेमके तेथेच असते.

प्रकार कशासाठी?

विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मांडणी 'आयएनआय' फायलींत साध्या मजकुराच्या रूपाने लिहिली जाई. १९९३ मधील विंडोज एनटी ३.१ आणि त्यानंतर विंडोज ९५ पासून ही जबाबदारी रजिस्ट्रीकडे आली आणि प्रत्येक मूल्याला प्रकार जोडला गेला. 'स्ट्रिंग' म्हणजे अक्षरांची ओळ; 'डीवर्ड' म्हणजे ३२ बिटांची संख्या, ० पासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत; 'मल्टि-स्ट्रिंग' म्हणजे अनेक ओळींची यादी; तर 'एक्स्पांडेबल स्ट्रिंग' म्हणजे ज्यातील टक्केचिन्हांमधील नाव वापरतेवेळी विस्तारायचे असते असा मजकूर.

डोळ्यांना सारखे दिसणारे मूल्य संगणकाला सारखे नसते. १४९२ हा आकडा डीवर्ड म्हणून ४ बाइटांत मावतो. तोच स्ट्रिंग म्हणून लिहिला तर चार अक्षरे आणि शेवटचे शून्यचिन्ह मिळून १० बाइट होतात. रजिस्ट्री दोन्ही निमूटपणे साठवते. प्रकार पडताळण्याचे काम मूल्य वाचणाऱ्या प्रोग्रामचे असते. प्रकार जुळला नाही, तर तो प्रोग्राम बहुधा नोंद नसल्याचेच धरतो आणि पूर्वनियोजित मूल्य वापरतो. त्रुटीसंदेश येईलच असे नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

कोणती नोंद कोणत्या प्रकारची?

'एचकी-लोकल-मशीन'खालील 'सिस्टम', 'करंट-कंट्रोल-सेट', 'सर्व्हिसेस', 'टीसीपीआयपी', 'पॅरामीटर्स' या वाटेने गेल्यास 'इंटरफेसेस' हा विभाग लागतो. तेथे प्रत्येक नेटवर्क कार्डासाठी स्वतंत्र कप्पा असतो. 'एनेबल-डीएचसीपी' ही नोंद डीवर्ड असते : १ म्हणजे पत्ता आपोआप घ्यावा, ० म्हणजे हाताने दिलेला वापरावा. 'आयपी-अॅड्रेस', 'सबनेट-मास्क' आणि 'डिफॉल्ट-गेटवे' या मल्टि-स्ट्रिंग असतात, कारण एका कार्डाला एकाहून अधिक पत्ते असू शकतात. 'नेम-सर्व्हर' मात्र साधी स्ट्रिंग असते; अनेक सर्व्हरांचे पत्ते तिच्यात एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन लिहितात. 'पॅरामीटर्स'मधील 'डेटाबेस-पाथ' एक्स्पांडेबल स्ट्रिंग असते. 'होस्ट्स' फाइल कोठे आहे ते तीच सांगते. तिचा प्रकार साधी स्ट्रिंग झाला, तर 'सिस्टमरूट' हे नाव विस्तारले जाण्याची हमी राहत नाही.

चूक कोठे शिरते?

पहिली वाट 'रेग' फाइलची. तिच्यात आकडा अवतरणचिन्हांत लिहिला की तो स्ट्रिंग ठरतो. संख्या हवी असल्यास 'डीवर्ड' हा शब्द आणि अपूर्णविराम देऊन षोडशमान पद्धतीने आकडा लिहावा लागतो. दुसरी वाट 'रेग अॅड' या आज्ञेची. तिच्यात प्रकार सांगितला नाही तर स्ट्रिंग गृहीत धरली जाते.

तिसरी चूक प्रकाराची नसून संख्यापद्धतीची असते. परंतु लक्षणे तशीच. रजिस्ट्री एडिटरची डीवर्ड-चौकट उघडताच षोडशमान पद्धती निवडलेली असते. पीपीपीओई जोडणीसाठी पाकिटाची कमाल लांबी, म्हणजे एमटीयू, १४९२ बाइट असते. दशमान पद्धती न निवडता १४९२ टंकले, तर प्रत्यक्षात ५२६६ नोंदले जाते.

शोध आणि दुरुस्ती

'रेग क्वेरी' ही आज्ञा नाव, प्रकार आणि मूल्य शेजारी-शेजारी दाखवते. सुरळीत चालणाऱ्या, त्याच आवृत्तीच्या संगणकावरील यादीशी ती ताडून पाहावी. प्रणाली प्रत्यक्षात काय वापरत आहे ते 'आयपीकॉन्फिग' आणि 'नेटएसएच' यांवरून कळते. नोंदलेले आणि वापरातले मूल्य वेगळे दिसल्यास प्रथम प्रकाराचा संशय घ्यावा.

दुरुस्तीपूर्वी संबंधित विभाग 'एक्स्पोर्ट' करून प्रत ठेवावी. रजिस्ट्री एडिटरमध्ये असलेल्या नोंदीचा प्रकार बदलता येत नाही. ती काढून त्याच नावाने योग्य प्रकारची नवी नोंद करावी लागते. 'रेग अॅड' आज्ञेत प्रकार स्पष्ट दिल्यास जुनी नोंद बदलली जाते. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करून पडताळणी करावी.

शक्य तेथे मांडणी नेटवर्कच्या खिडकीतून किंवा 'नेटएसएच'द्वारेच बदलावी. ही साधने योग्य प्रकार स्वतःच लिहितात; रजिस्ट्रीत थेट हात घालणाऱ्याला मात्र ती काळजी स्वतः घ्यावी लागते.