शपथ आणि संगत : व्यसनमुक्तीच्या इतिहासातील ख्रिस्ती श्रद्धेचा वाटा

येडशीचे स्थान दारूच्या इतिहासाच्या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. पलीकडचा बार्शी तालुका इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, आणि येडशी निजामाच्या मुलखात. राज्ये दोन, कायदे दोन, नाणीही दोन. पण अबकारीचे उत्पन्न दोघांनाही हवे होते. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्या आल्या व मद्यावर जबर कर बसला. हैदराबाद संस्थानच्या खजिन्यालाही अबकारीचा मोठा आधार होता. पुढे स्वातंत्र्य आले, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर काही वर्षांतच ती बंदी परवान्यांच्या वाटेने सैल होत गेली. म्हणजे सरकारने दारू विकून पाहिली, बंद करून पाहिली, आणि परवान्याने देऊनही पाहिली. परंतु ज्याला ती मनापासून सोडावयाची आहे, ज्याने दहादा शपथ घेतली आणि दहादा मोडली, त्याने काय करावे, या प्रश्नाला यांपैकी एकाही कायद्यापाशी उत्तर नव्हते.

या प्रश्नाशी ख्रिस्ती श्रद्धेने दीडदोनशे वर्षे झुंज घेतली आहे. तिच्यात तिला अपयश आले आणि यशही आले. त्या झुंजीचा इतिहास आज आम्हांस पाहावयाचा आहे. कोणा धर्माचा प्रचार करावा किंवा कोणाचे खंडन करावे, असा आमचा हेतू नाही. एका समाजाला गवसलेले औषध दुसऱ्या समाजाच्या प्रकृतीस मानवते काय, एवढाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

आरंभी या चळवळीचा सारा भर शपथेवर होता. आयर्लंडमधील कॉर्क शहरी फादर थिओबाल्ड मॅथ्यू या धर्मगुरूने १८३८ साली संपूर्ण मद्यत्यागाची शपथ देण्यास प्रारंभ केला. लक्षावधी लोक त्याच्यापुढे गुडघे टेकून शपथबद्ध झाले. पण सातएक वर्षे लोटली तोच भयंकर दुष्काळ पडला, देशाची वाताहत झाली, आणि १८५६ साली फादर मॅथ्यू वारल्यावर त्या लाटेचा जोर उरला नाही. शपथ घेण्याचा क्षण उत्साहाचा असतो. त्यानंतरच्या संध्याकाळी मनुष्य एकटा असतो, आणि दारूची ओढ येते ती संध्याकाळीच.

हे मर्म न्यूयॉर्कमधील जेरी मकॉली या मनुष्याने ओळखले. हा स्वतः दारुडा आणि चोर. तुरुंगात त्याचे मन पालटले. तरीही सुटल्यावर तो पुन्हा घसरला व पुन्हा उठला. १८७२ साली त्याने वॉटर स्ट्रीट या बदनाम वस्तीत एक घर उघडले. तेथे पंडिताचे प्रवचन गौण होते. रोज रात्री जमलेल्या मंडळींतून एकेक जण उठे आणि आपण कसे बुडालो व कसे वर आलो, ते सांगे. उपदेश करणारा आणि ऐकणारा एकाच चिखलातून आलेले होते, हीच त्या सभेची शक्ती होती.

याच सुमारास ही चळवळ आपल्याकडेही पोहोचली. सनदी नोकरी सोडून आलेला फ्रेडरिक टकर १८८२ च्या सप्टेंबरात आपल्या थोड्या साथीदारांसह मुंबईत उतरला. हीच मुक्तिफौज. तिच्या प्रत्येक सैनिकाला मद्यत्याग बंधनकारक असे. टकरने देशी वेष घेतला, फकीरसिंग हे नाव धारण केले आणि रस्त्यावर मिरवणुका काढल्या. मौज अशी की, त्याला अटक केली ती इंग्रज सरकारच्याच पोलिसांनी! दुसरीकडे आमच्या पंडिता रमाबाईंनी अमेरिकेच्या प्रवासात ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यनिषेध संघाचे काम जवळून पाहिले आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अमेरिकेवरील मराठी ग्रंथात त्याची ओळख करून दिली. नवऱ्याच्या दारूची खरी किंमत बायकामुलांना मोजावी लागते, ही गोष्ट त्या संघातील स्त्रियांनी जगापुढे मांडली होती. ती समजून घ्यावयास मराठी वाचकाला अमेरिकेस जाण्याची गरज नव्हती.

या इतिहासाला खरे वळण मिळाले ते १९३४–३५ साली. न्यूयॉर्कमधील बिल विल्सन हा शेअरबाजारातील दलाल दारूपायी धुळीस मिळाला होता. इस्पितळातील डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितले की, हा केवळ दुबळ्या मनाचा दोष नव्हे, हा आजार आहे. त्याच सुमारास त्याचा एक जुना पिणारा मित्र, दारू सोडून, त्याच्याकडे आला. फ्रँक बुकमन या धर्मोपदेशकाच्या ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती मंडळात तो जाऊ लागला होता. आपले दोष दुसऱ्यापाशी उघड करावे, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करावी आणि देवाच्या इच्छेपुढे नमावे, अशी त्या मंडळाची रीत. डिसेंबर १९३४ मध्ये विल्सनची दारू सुटली ती कायमची.

मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या कामाने ॲक्रन गावी गेला. काम फसले. हॉटेलात एका बाजूस मद्यालय, दुसऱ्या बाजूस टेलिफोन. आज दुसऱ्या कोणा दारुड्याशी बोललो नाही तर आपण पिणार, हे त्याला उमगले. चर्चच्या यादीतील एका धर्मगुरूला त्याने टेलिफोन केला. त्या धाग्याने त्याची डॉ. रॉबर्ट स्मिथ या व्यसनाधीन शल्यवैद्याशी गाठ पडली. १० जून १९३५ हा डॉ. स्मिथ यांच्या मद्यमुक्तीचा दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. दुसऱ्याला वाचविणे हाच स्वतः वाचण्याचा उपाय, हा तिचा पाया.

१९३९ साली तिने आपल्या बारा पायऱ्या ग्रंथरूपाने मांडल्या. पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपले काही चालत नाही याची कबुली. शेवटची म्हणजे हा संदेश दुसऱ्या पीडिताकडे नेणे. पायऱ्या लिहिताना काही अश्रद्ध सभासदांनी हरकत घेतली, आणि ‘देव’ या शब्दापुढे ज्याला जसा उमगेल तसा, अशा अर्थाची पुस्ती जोडली गेली. या एका पुस्तीमुळे ख्रिस्ती घरात जन्मलेल्या या पद्धतीचे दार सर्वांना उघडे झाले.

१९५७ साली ती मुंबईस आली. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. कॅथलिक धर्मगुरूने बारा पायऱ्यांना बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगाची जोड द्यावी आणि तेथे कोणत्याही धर्माच्या रुग्णाने यावे, हे दृश्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. संस्थेचे नावही अर्थपूर्ण आहे. ‘कृपा’ हा शब्द ख्रिस्ती प्रार्थनेत जितका घरचा, तितकाच आमच्या अभंगांतही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले. ते कोण्या धर्माच्या नावाने चालत नाही, आणि म्हणून त्याचे मोल रतिभरही कमी होत नाही.

येथे शंका निघेल की, हे सारे आमच्याकडे नव्हते काय? होते. लातूर, येडशी, बार्शी, पंढरपूर यांना जोडणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून वारकरी पंढरीस जात असत. त्यांच्या गळ्यातील तुळशीची माळ म्हणजे मद्यमांसत्यागाची शपथच. ती कित्येकांची टिकते, याचे कारण माळेच्या मण्यांत नाही, दिंडीत आहे. पंधरा दिवसांनी एकादशी येते, गावात भजन होते, सोबती वाट पाहतात. एकट्याने घातलेली माळ मात्र खुंटीवर जाण्यास वेळ लागत नाही. फादर मॅथ्यूची शपथ आणि ॲक्रनची संगत यांत जे अंतर, तेच या दोन माळांतही आहे.

श्रद्धा म्हणजे वैद्यकाला पर्याय, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके, भ्रम आणि प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो; तेव्हा पहिली पायरी डॉक्टरच्या दाराची. विल्सनचीही मुक्ती इस्पितळाच्या खाटेवरच सुरू झाली होती. आणि श्रद्धेने प्रत्येक जण सुटतो असेही नाही. पण सुटलेल्यांचा इतिहास एक गोष्ट सांगतो. त्यांना पापी म्हणून बाहेर काढणाऱ्या धर्माने नव्हे, तर आजारी म्हणून आत घेणाऱ्या धर्माने त्यांना तारले.

आमच्या गावांत दारुड्याला दोनच ठिकाणी जागा असते : गुत्त्यात आणि लोकांच्या थट्टेत. गुत्ता त्याला नाव न विचारता आत घेतो. देऊळ, मशीद, चर्च, वाचनालय, तालीम यांपैकी एखादे दार जरी आठवड्यातून एक संध्याकाळ तसेच उघडे राहिले, आणि तेथे सुटलेला एक मनुष्य सुटू पाहणाऱ्याची वाट पाहत बसला, तरी पुष्कळ काम होईल. त्याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. ॲक्रनला आरंभी माणसे दोनच होती.