पांढरा रंग आणि शुश्रूषेचा धर्म

श्रोतेहो, परिचारिकेचा पांढरा पोशाख आपल्याला स्वच्छतेची खूण वाटतो. गडचिरोलीच्या आदिवासींना तो कसा दिसला, ठाऊक आहे? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली या जिल्ह्यात आले. दवाखान्याला भिता का, असे त्यांनी लोकांनाच विचारले. उत्तर मिळाले, की पांढऱ्यात तर मढे गुंडाळतात. शिवाय तिथे नातलगांना बाहेर काढतात! मग शोधग्रामला झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला, सोबतच्यांची सोय झाली, नाव पडले माँ दंतेश्वरीचे.

म्हणजे रीतीपुढे शास्त्र वाकले का? मुळीच नाही. ३९ गावांत तिथल्याच बाया आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, वेळ पडल्यास सुई टोचणे त्या काटेकोर शिकल्या. केलेले सारे लिहून ठेवू लागल्या. इतर गावांशी ताडून पाहता तिथले नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

गुरुजी, वर्गातल्या एखाद्या मुलीला परिचारिका व्हायचे असेल, तर तिला एवढेच सांगा: माप चुकू देऊ नकोस, आणि माणसाला विचारल्यावाचून हात लावू नकोस.