पहाटेची दहा मिनिटं

चाळीस वर्षं पुण्यात गाडी चालवली, पण गोथेनबर्गला लेकीच्या गाडीत बसले आणि पहिल्याच मिनिटाला डावा हात गिअर शोधत दारावर आपटला. वळायचं म्हणून उजव्या हाताखालची दांडी ओढली, तर वायपर सुरू झाले. आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना पर्समध्ये होता. १९४९ च्या जिनिव्हा करारामुळे तो परदेशात चालतो, पण हाताची सवय काही करारानं बदलत नाही. मी इंजिन बंद केलं आणि नुसती बसून राहिले.

शेजारच्या आजी तेव्हा कुत्र्याला फिरवून परतत होत्या. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी काचेवर टकटक केली, विचारपूस केली आणि घरी कॉफीला बोलावलं. स्वीडनसुद्धा एकेकाळी डावीकडूनच चालायचा, हे मला पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरात कळलं. अठराव्या शतकापासूनची ती रीत. अडचण अशी, की शेजारचे नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड सगळे उजवीकडून चालणारे. त्यात स्वीडनमधल्या बहुतेक मोटारींचं स्टिअरिंगही डावीकडेच. म्हणजे चालक रस्त्याच्या कडेला बसलेला. अरुंद रस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडायचं, तर समोरून काय येतंय ते दिसावं म्हणून अर्धी गाडी बाहेर काढावी लागायची. समोरासमोरच्या टकरी व्हायच्या त्या अशा.

तरीही १९५५ साली लोकांचा कौल घेतला तेव्हा सुमारे ८३ टक्के लोकांनी बदलाला नकार दिला. मला त्यांचं मन कळतं. अंगवळणी पडलेली बाजू सोडायची म्हणजे नव्यानं चालायला शिकण्यासारखंच. पण रस्त्यावर मोटारी वाढतच गेल्या आणि १९६३ मध्ये संसदेनं निर्णय घेऊन टाकला. पुढची चार वर्षं तयारी चालली. दुधाच्या खोक्यांवर, अगदी आतल्या कपड्यांवरसुद्धा ‘एच’चं चिन्ह छापलं गेलं. ‘एच’ म्हणजे होगेरट्राफिक, उजवीकडची वाहतूक. चौकाचौकांत सिग्नलचे नवे खांब आधीच उभे करून काळ्या प्लास्टिकनं गुंडाळून ठेवले होते. सुमारे ३,६०,००० पाट्या बदलायच्या होत्या.

३ सप्टेंबर १९६७, रविवार. रात्री एकपासून अत्यावश्यक वाहनं सोडून बाकी सगळ्यांना रस्ता बंद. आजी तेव्हा विशीच्या होत्या, झोप सोडून कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिलेल्या. पाचला दहा मिनिटं कमी असताना रस्त्यावरची वाहनं थांबली, सावकाश उजव्या अंगाला गेली आणि तिथे पुन्हा थांबून राहिली. ती शांतता त्यांना अजून आठवते. पाच वाजले, आणि अख्खा देश उजवीकडून चालायला लागला.

सोमवारी सगळे कामावर निघाले. एरवीच्या सोमवारी १३० ते १९८ अपघात नोंदले जायचे, त्या दिवशी १२५ झाले आणि त्यांत एकही माणूस दगावला नाही. प्रत्येक जण स्वतःला नवशिका समजून चालवत होता, म्हणून. पुढे भीती ओसरली, सवय झाली, आणि अपघातही हळूहळू पूर्वीच्या आकड्यांवर गेले.

हे ऐकताना मला माहेर आठवत होतं. माझं माहेर सावंतवाडीचं. बांद्याच्या पुढे पत्रादेवी, तिथून गोवा. पोर्तुगालनं १९२८ साली आपली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, पण गोव्याला डावीकडेच ठेवलं, कारण सीमेपलीकडचा ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालत होता. स्वीडननं शेजाऱ्यांसाठी बाजू बदलली, गोव्यानं शेजाऱ्यांसाठीच बदलली नाही. लहानपणी गोव्याला जाताना बाजू बदलावी लागली नाही, त्यामागे एवढं काही असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या पहाटेची दहा मिनिटं माझ्यापुरती पाळायला लागले. इंजिन सुरू करायच्या आधी आरसे, दांड्या, गिअर हातानं चाचपून बघायचे. मनाशी एवढंच घोकायचं, की आपण स्वतः रस्त्याच्या मधल्या रेषेजवळ बसलेलो असायला हवं. उजवं वळण इथे लहान, डावं मोठं. गोल चौकात शिरताना डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. ट्रामला नेहमीच वाट द्यायची.

चूक व्हायची ती झालीच, आणि ती गर्दीत झाली नाही. पाचव्या दिवशी तळ्याकाठी डबा खाऊन निघालो. रस्ता पूर्ण मोकळा, पुढेमागे एकही गाडी नाही, आणि मी निवांत डावीकडे लागले. वळणावर लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक दिसला. “आई, उजवीकडे!” लेक ओरडली. वेळेवर वळले, पण हात बराच वेळ थरथरत होते. रहदारीत पुढची गाडी आपल्याला बाजू दाखवते, मोकळ्या रस्त्यावर दाखवणारं कुणी नसतं. तेव्हापासून पेट्रोल पंप, पार्किंग, गल्ली, जिथून बाहेर पडायचं तिथे “उजवीकडे” असं मी मोठ्यानं म्हणते. शेजारी कुणी बसलेलं असलं तरी म्हणते.

परवा बसथांब्यापाशी एका बसच्या मागे थांबले होते. उजव्या अंगाचं दार उघडलं, माणसं फुटपाथवर उतरली. आजींनी सांगितलेलं आठवलं. १९६७ मध्ये डाव्या दाराच्या बस इथे निरुपयोगी झाल्या. देशातल्या कितीतरी बसना उजवीकडे नवी दारं पाडली, पण गोथेनबर्गच्या आणि माल्मच्या बस पाकिस्तान आणि केनियाला विकल्या गेल्या. तिथे त्यांची दारं फुटपाथकडेच उघडत होती.