बर्फाखालचं गवत आणि एक जुना कागद

तिळगूळ संपला, हळदीकुंकवं झाली, की फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरी फोन सुरू होतात. "काका, बर्फ गेला आणि खाली लॉन पार पिवळं पडलंय. मेलं का? खत टाकू का आता?" तीसेक वर्षं मी न्यू जर्सीत स्वतःचं गवत स्वतः कापतो आहे, एवढ्याच भांडवलावर मंडळात माझी या विषयातला जाणकार म्हणून ख्याती झाली आहे. संपादक म्हणाले, दर वर्षी फोनवर सांगता ते एकदा लिहूनच द्या. लिहायला बसलो आणि गाडी इतिहासाच्या रुळावर गेली. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी फोनचं उत्तर. खत टाकू नका. गोठलेल्या जमिनीत ते मुरत नाही, पहिल्या पावसाबरोबर वाहत ओढ्यात जातं आणि उन्हाळ्यात तिथे शेवाळ माजतं. शिवाय न्यू जर्सीत 2011 साली झालेल्या कायद्याप्रमाणे घरमालकाला 15 नोव्हेंबर ते 1 मार्च या काळात लॉनला खत घालता येत नाही. आणि गवत बहुधा मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. पातं वाळलं तरी जमिनीलगतचा कोंब जिवंत असतो. बोटांनी माती उकरून पाहा, बुडाशी पांढरट-हिरवं दिसलं की काळजी नको. ताटलीएवढे करडे किंवा गुलाबी गोल डाग दिसले, तर ती बर्फाखाली वाढणारी बुरशी. दाताळ्याने हलक्या हाताने विंचरून वारा लागू द्यावा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. सकाळी गवतावर दंव गोठलेलं असताना मात्र त्यावरून चालू नका. पाती मोडतात आणि आपल्याच पावलांचे तपकिरी ठसे दोन-तीन आठवडे आपल्याला चिडवत राहतात.

आता मूळ प्रश्न. हे गवत आपल्या गळ्यात आलं कसं? आपल्याकडे घरापुढे अंगण असायचं. सारवलेलं, सडा घातलेलं, आणि त्यात गवताची काडी उगवली तर ती उपटायची हा नियम. उगवायची ती बहुधा हरळी. गणपतीला एकवीस दुर्वांची जुडी वाहतो ती हीच, आणि शेतात शिरली की शेतकरी जिला शिव्या घालतो तीही हीच. हिला इथे बर्म्युडा ग्रास म्हणतात. जॉर्जिया-फ्लोरिडाकडे तिचीच लॉनं करतात. आमच्या न्यू जर्सीत ती थंडीभर तपकिरी पडते, म्हणून तण ठरते. तेव्हा तण म्हणजे काय, हे गवतावर नाही, पत्त्यावर ठरतं.

लॉन ही मुळात इंग्लंडातल्या जमीनदारांची हौस. 18व्या शतकात तिथल्या मोठ्या वाड्यांपुढे मैलभर हिरवळ राखायची पद्धत पडली. चरायला मेंढ्या, नाहीतर कापायला विळेवाले, तेही पहाटे, कारण दंवाने ओलं गवत लांब पात्याच्या विळ्याला चांगलं सापडतं. एवढी जमीन नुसती शोभेसाठी पडीक ठेवायची आणि वर माणसं लावून ती कापून घ्यायची, हाच त्यातला तोरा होता. मग 1830 साली ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग याने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणारं यंत्र त्याने गिरणीत पाहिलं होतं, तेच त्याने जमिनीवर आडवं घातलं. ज्या कामाला नोकरांची फौज लागायची, ते एक माणूस करू लागला. तो माणूस आज तुम्ही आहात.

अमेरिकेत ही हौस मध्यमवर्गाकडे आली ती 1870 च्या आसपास. शिकागोजवळच्या रिव्हरसाइड वसाहतीचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने केला, तेव्हा घरं रस्त्यापासून तीस फूट मागे ठेवली, पुढे सलग हिरवळ. घराघरांमध्ये कुंपण नाही, जणू सगळी मिळून एकच बाग. कल्पना सुंदर होती. पण कुंपण नाही म्हणजे तुमचं गवत हा शेजाऱ्याचाही विषय झाला. गंमत म्हणजे ज्या केंटकी ब्लूग्रासचा एवढा अभिमान, ते गवत केंटकीचं नाही, युरोपातून आलेलं आहे.

खरा पसारा वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती, तिथे 1947 ते 1951 या काळात लेव्हिट आणि मुलांनी सतरा हजारांवर घरं बांधली. तेच लेव्हिटटाउन. मुलगा विल्यम घरं बांधायचा, वडील एब्रहॅम बागा सांभाळायचे आणि रहिवाशांना लॉनची निगा कशी राखावी याचे लेख लिहायचे. (म्हणजे आमच्यासारखेच.) करारात अटी होत्या. एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आठवड्यातून एकदा गवत कापलंच पाहिजे. न कापल्यास कंपनीचा माणूस कापून जाईल आणि बिल तुम्हाला. कुंपण घालायचं नाही. शनिवार-रविवारी कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. आणि त्याच करारात आणखी एक अट होती: कॉकेशियन वंशाच्या लोकांखेरीज कोणी या घरात राहायचं नाही. घरगुती नोकर असेल तर चालेल.

इथे मला माझा कागद आठवतो. आम्ही 1987 साली घर घेतलं, ते 1940 च्या सुमाराचं. गावाचं नाव सांगत नाही, तशी घरं गावोगाव आहेत. क्लोजिंगच्या दिवशी वकिलाने जुन्या डीडची प्रत पुढे सरकवली. पुढच्या बाजूला कुंपण नको, कोंबड्या पाळू नका, गवत नीट राखा, आणि चौथ्या की पाचव्या ओळीत तेच वाक्य. मी बोट ठेवून विचारलं. वकील म्हणाला, ते मेलेलं कलम आहे, 1948 पासून, सही करा. त्याचं बरोबर होतं. शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्या वर्षी असली कलमं कोर्टामार्फत अंमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं, आणि 1968 च्या कायद्याने असा भेदभावच बेकायदा झाला. तरी छापलेली ओळ कागदावर राहिली होती.

मी सही केली. गाडीत सौ.ने विचारलं, "एवढं काय वाचत होतात?" मी म्हटलं, "कुंपण घालायचं नाही म्हणे."

आता हा शब्द कॉकेशियन. 1923 साली भगतसिंग थिंड यांनी सुप्रीम कोर्टात हाच मुद्दा मांडला होता: वंशशास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानातले लोक कॉकेशियन धरले जातात, तेव्हा मला नागरिकत्व द्या. कोर्टाने सांगितलं, पंडितांचं वर्गीकरण काही असो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो त्यात तुम्ही बसत नाही. त्यानंतर नागरिक झालेल्या हिंदी लोकांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित, नाव वाचूनच जवळचे वाटावेत असे, स्वतः 1914 सालापासून नागरिक होते. त्यांच्यावरही खटला झाला. त्यांचं म्हणणं असं, की नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली केली, घर घेतलं. कॅलिफोर्नियात परक्याला जमीन बाळगता येत नाही, तेव्हा तुम्ही कागद काढून घेतलात तर घरही जाईल. 1926 साली अपील कोर्टात ते जिंकले. बाकी अनेकांना ते जमलं नाही.

लेव्हिटने ते कलम 1949 मध्ये काढलं, पण विक्रीची रीत बदलली नाही. 1957 साली पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या दुसऱ्या वसाहतीत मायर्स हे काळं कुटुंब राहायला आलं, तर लॉनवर जमाव जमून दगड फेकले गेले. आमच्याच राज्यात विलिंगबरोला त्यांची तिसरी वसाहत झाली, तिथे भेदभाव करता येणार नाही हे 1960 साली न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. 1965 च्या कायद्यानंतर आपण आलो, तोवर दारं उघडली होती. आपल्या वाट्याला आली ती फक्त गवताची अट.

तीही मी इमानाने पाळली. पहिल्या उन्हाळ्यात दोन आठवडे भारतात गेलो होतो, परत आलो तर टाउनशिपची नोटीस दाराला. गवत फार वाढलं आहे. त्यानंतर मी शनिवार चुकवला नाही. पांढरी क्लोव्हर दिसली की औषध मारायचो. ही क्लोव्हर पूर्वी लॉनच्या बियाण्यात मुद्दाम मिसळत असत, कारण ती हवेतला नायट्रोजन जमिनीत आणते. युद्धानंतर रुंद पानांचं तण मारणारं 2,4-डी बाजारात आलं, त्याने क्लोव्हरही मरायची. ती वाचवता येईना, म्हणून तिलाच तण म्हणू लागले. हे कळल्यावर मी औषध बंद केलं. शेजाऱ्याने एकदा विचारलं, मी सांगितलं, आणि पुढच्या वर्षी त्याच्याकडेही क्लोव्हर होती.

रिफायनान्सच्या वेळी, दहा वर्षांनी, सौ.ने ते डीड स्वतः वाचलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्ही दर शनिवारी म्हणून गवत कापत होतात होय?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी गॅरेजमध्ये गेलो आणि मोअरचं पातं धार लावायला काढलं. ते काम फेब्रुवारीतच करावं, एप्रिलमध्ये दुकानात रांग असते.

राहिलं रस्त्यालगतच्या पट्ट्याचं. रस्त्यावर खडेमीठ टाकायचा प्रयोग न्यू हॅम्पशरने 1938 साली सुरू केला, आता सगळीकडे टाकतात, आणि कडेचं दोन फूट गवत जळतं. बर्फ गेला की तिथे भरपूर पाणी सोडून मीठ खाली जाऊ द्या. मग उघड्या जागी याच दिवसांत बी फेका. रात्री गोठते, दुपारी सुटते, त्या खेचाखेचीत जमिनीला बारीक भेगा पडतात आणि बी आपोआप आत जातं. उगवेल एप्रिलमध्ये. मात्र जिथे बी टाकाल तिथे क्रॅबग्रास रोखायचं औषध टाकू नका, ते तुमचंही बी उगवू देणार नाही. इतरत्र ते टाकायचं असेल तर कॅलेंडर बघू नका, पिवळी फोर्सिथिया बघा. ती फुलते त्या सुमाराला माती 55 अंश फॅरनहाइटकडे जात असते, आणि क्रॅबग्रास तेव्हाच डोळे उघडतं. आमच्या कोपऱ्यावरची अजून नुसत्या काड्या आहे.