सोबत्यांची भरती (‘माउंट अँड ब्लेड’ खेळमाला)

सोबत्यांची भरती : ‘माउंट अँड ब्लेड’ या मध्ययुगीन धाटणीच्या, युद्धनीती आणि भूमिकाभिनय यांचा मिलाफ साधणाऱ्या व्हिडिओ गेमांच्या मालिकेत, खेळाडूने आपल्या फौजेसाठी कसबी माणसे एकेक करून शोधावीत, त्यांची कैफियत ऐकून घ्यावी आणि मुशाहिरा ठरवून अगर नुसत्या शब्दावर त्यांना पदरी ठेवावे, अशी जी व्यवस्था आहे तिला ही संज्ञा लावतात. गावोगाव हिंडून जे बिननावाचे शिपाई गोळा केले जातात त्यांचा अंतर्भाव या संज्ञेत होत नाही; कारण शिपाई हा संख्येत मोजला जातो आणि पडला तर त्याच्या जागी दुसरा येतो, तर सोबत्याला नाव असते, पूर्वचरित्र असते आणि, खेळाडूच्या दृष्टीने अडचणीची गोष्ट म्हणजे, स्वतःचे मतही असते.

ही मालिका तुर्कस्तानातील अंकारा येथील टेलवर्ल्ड्स एंटरटेनमेंट या संस्थेने निर्माण केली. आर्मान यावुझ व इपेक यावुझ या दांपत्याने आरंभिलेल्या या उद्योगातून मूळ खेळ २००८ साली बाहेर पडला. ‘वॉरबँड’ ही त्याची सुधारलेली व आजही आवडीने खेळली जाणारी आवृत्ती मार्च २०१० मध्ये आली. आणि ‘बॅनरलॉर्ड’ हा दुसरा खेळ मार्च २०२० मध्ये अपूर्णावस्थेत व ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्णावस्थेत प्रसिद्ध झाला. या खेळांची भूमी कॅलराडिया नावाचा एक काल्पनिक मुलूख असून तेथे ना जादू आहे ना राक्षस; घोडा, भाला, धनुष्य, रसद आणि पैसा एवढ्यावरच सारा व्यवहार चालतो. ‘वॉरबँड’मध्ये स्वाडिया, वेगिर, नॉर्ड, रोडॉक, खेरगित आणि सारानिद अशी सहा राज्ये एकमेकांच्या उरावर बसलेली असतात, आणि त्यांच्या धुमाळीत एकट्या घोड्यानिशी उतरलेल्या परक्या खेळाडूला प्रथम सरदारकी आणि मग, दैव व हिकमत यांची साथ असल्यास, राजपद मिळवावयाचे असते. अशा माणसाला पहिली गरज भासते ती सैन्याची नव्हे, कर्त्या माणसांची. आणि या एका जाणिवेवर सोबत्यांची सारी रचना उभी आहे.

‘वॉरबँड’मध्ये असे सोबती १६ आहेत. मुलखातील २२ शहरांच्या पानगृहांतून ते वावरत असतात आणि एका ठिकाणी फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे प्रावेन शहरी ज्याची वार्ता लागली तो सोबती, खेळाडू तेथे पोहोचेपर्यंत, तुल्गा शहरी निघून गेलेला असतो. याच पानगृहांतून अधूनमधून एक प्रवासी भेटतो. ३० दिनार त्याच्या हातावर ठेवले म्हणजे हव्या त्या सोबत्याचा सध्याचा ठावठिकाणा तो सांगतो. भेट झाल्यावर सोबती आपली हकीगत सांगतो, आणि या हकीगतींत खेळकर्त्यांचे लेखनकौशल्य विशेष दिसून येते. यमीरा ही व्यापाऱ्याची मुलगी, बापाने योजिलेला वयस्कर वर नको म्हणून घर सोडून आलेली; माथेल्ड ही नॉर्ड सरदाराची विधवा, दिराने वतन बळकावल्यामुळे देशोधडीला लागलेली; फिरेंतिस हा मत्सराच्या भरात सख्ख्या भावाचा प्राण घेऊन पश्चात्तापाने पोळलेला; मार्निद हा व्यापारात बुडालेला; बुंडुक हा वरिष्ठ अंमलदारावर हात टाकून चाकरी गमावलेला; आणि रोल्फ हा स्वतःस खानदानी उमराव म्हणविणारा, परंतु ज्याच्या खानदानाचा दाखला त्याच्याखेरीज कोणीच देत नाही असा. सुखवस्तू व समाधानी असा त्यांत एकही नाही, आणि ते यथायोग्यच आहे. कारण जो सुखात आहे तो अनोळखी माणसाच्या मोहिमेत आपले मस्तक कशाला गुंतवील?

भरतीचे व्यावहारिक मर्म कौशल्यांच्या हिशेबात आहे. खेळातील काही कौशल्ये ज्याची त्याच्यापुरती असतात, उदाहरणार्थ अश्वारोहण किंवा ढालीचा उपयोग. परंतु शल्यचिकित्सा, प्रथमोपचार, जखमांची शुश्रूषा, माग काढणे, वाट शोधणे, टेहळणी, व्यापार, स्थापत्य व व्यूहरचना ही साऱ्या पथकाची सामायिक कौशल्ये होत, आणि त्यांचा नियम असा की, पथकात ज्या एका व्यक्तीचे कौशल्य सर्वांत वरचढ असेल तेच साऱ्या पथकाचे कौशल्य धरावे. चार मध्यम वैद्यांची बेरीज होत नाही. एक उत्तम वैद्य पुरतो. खेळाडूला स्वतःला त्या विद्येत थोडी गती असेल तर तिचा अधिलाभ वरून मिळतो, तो इतका की सोबती व खेळाडू दोघेही दहाव्या पायरीवर असल्यास पथकाची पायरी १४ वर जाते. त्यामुळे शहाणा खेळाडू आपले शिक्षण लढाई व नेतृत्व यांपुरते आवरतो आणि उरलेल्या विद्या एकेका माणसाकडे खातेवार सोपवून देतो. लष्करी फडाची ही वाटणी एकदा बसली की पथकाची चाल, बाजारातील खरेदी आणि वेढ्याची शिडी उभारण्यास लागणारा वेळ या साऱ्यांत फरक पडतो.

या खात्यांत वैद्याचे खाते सर्वांत मोलाचे. शल्यचिकित्सेच्या प्रत्येक पायरीमागे, प्राणघातक घाव बसलेला शिपाई मरण्याऐवजी केवळ जखमी होऊन वाचण्याचा संभव शेकडा ४ ने वाढतो. आणि अनेक लढायांतून तावूनसुलाखून तयार झालेला स्वार पुन्हा उभा करण्यास किती काळ व द्रव्य लागते हे ज्याला ठाऊक आहे त्याला या चार टक्क्यांची थोरवी पटवावी लागत नाही. जेरेमस हा विद्यापीठातील मत्सरी पंडितांनी हुसकून लावलेला आणि पोटासाठी फिरता शस्त्रवैद्य बनलेला तत्त्वज्ञ या कामी प्रसिद्ध आहे. त्याच्या हाती तलवार देऊन त्याला आघाडीला धाडणे ही मात्र नवख्यांची नेहमीची चूक. कारण सोबती मरत नसले तरी जबर जखमी झालेल्या सोबत्याचे कौशल्य तो बरा होईतो हिशेबात धरले जात नाही. पथकाच्या यादीत जो वर त्याला रणांगणावर प्रथम पाचारण होते, म्हणून अनुभवी लोक जेरेमसचे नाव यादीच्या अगदी तळाशी ठेवतात.

एवढेच असते तर भरती हा केवळ जमाखर्चाचा विषय झाला असता. सोळाही माणसे गोळा करून सर्व विद्यांत पारंगत पथक उभे करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तो सफल होऊ नये म्हणून खेळकर्त्यांनी एक नामी योजना केली आहे : प्रत्येक सोबत्याला दुसरा एक सोबती आवडतो आणि दोघे नावडतात. वैद्य जेरेमस आणि स्थापत्यविशारद आर्तिमेनर यांचे एकमेकांशी पटत नाही, म्हणजे जी दोन खाती कोणत्याही सेनापतीला एकत्र हवीत नेमकी तीच एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. बुंडुक हा शिपाईगडी आणि लेझालित हा कडक शिस्तीचा उमराव यांच्यातला बेबनाव वर्गभेदातून आलेला आहे, आणि तो इतका स्वाभाविक आहे की खेळाडूला दोघांचीही बाजू पटते. घोडेचोरीचा बट्टा लागलेला बोर्चा हा मुलखाचा जाणकार. पण देशावी व क्लेथी या दोघींशीही त्याचे जमत नाही. लढाई संपल्यावर यांतला एखादा येऊन तक्रार मांडतो; तिची दाद घेतली न घेतली तरी अढी राहते आणि साचत जाते.

माणसामाणसांतील वैराखेरीज धन्याच्या वर्तनाविषयीही सोबत्यांचे आक्षेप असतात. कोणाला गावांची लूट खपत नाही, कोणाला दिलेला शब्द मोडलेला सहन होत नाही, कोणाला रणातून माघार लाजिरवाणी वाटते, कोणाची तक्रार पथकाला अन्न नसल्याची किंवा मोहिमेत माणसे फुकट खर्ची पडल्याची असते. असंतोष मर्यादेपलीकडे गेला की सोबती निरोप मागतो, आणि पुढे कधीतरी एखाद्या दूरच्या पानगृहात तो पुन्हा भेटतो. म्हणून जाणते खेळाडू प्रथम मित्र-शत्रूंचे कोष्टक मांडतात आणि ज्यांचे आपसांत वाकडे नाही अशी सातआठ माणसे निवडतात. या निवडीत कोणती विद्या सोडावयाची हे ठरवावे लागते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या खेळातील सर्वांत मनोरंजक निर्णय हाच होय. लढाया त्यामानाने सोप्या आहेत.

खेळाडू राज्यपदाची आकांक्षा धरू लागला म्हणजे सोबत्यांना वकिलीची कामे येतात. धन्याचा राज्यावरील हक्क लोकांच्या कानी घालण्यासाठी त्यांना मुलखात पाठविता येते. हे काम एका सोबत्याकडून एकदाच घेता येते आणि तो परतेपर्यंत त्याचे कौशल्य पथकाला अंतरते. राज्य स्थापन झाल्यावर सोबत्याला प्रधान नेमता येते, किंवा किल्ला अगर गाव जहागीर देऊन सरदार करता येते. मात्र कुळहीन सोबत्याला जहागीर दिली तर जुने सरदार बिथरतात, आणि ज्याने आरंभापासून साथ दिली त्या माणसाला वगळून काल येऊन मिळालेल्या उमरावाला शहर द्यावे लागते. मध्ययुगीन दरबाराचे हे चित्र पुष्कळ ऐतिहासिक कादंबऱ्यांपेक्षा खरे उतरले आहे.

‘बॅनरलॉर्ड’ हा खेळ ‘वॉरबँड’च्या सुमारे पावणेदोनशे वर्षे आधीच्या, १०८४ सालच्या कॅलराडियात घडतो, आणि त्यात भरतीची पद्धत पुष्कळ बदलली आहे. ठरीव १६ व्यक्तींऐवजी येथे यंत्रानेच नावे, उपनावे व गुण जुळवून भटके लोक तयार केले जातात. उपनावावरून कसब ओळखता येते, उदाहरणार्थ ‘विलोबार्क’ हे उपनाव वैद्यकाचे निदर्शक असते. भटके कोठे दिसले होते याची नोंद खेळातील कोशातच सापडते, तेव्हा ३० दिनारांचा प्रवासी बेकार झाला आहे. कुळाचा दर्जा शून्य असताना ३ सोबती ठेवता येतात आणि दर्जाच्या प्रत्येक पायरीबरोबर एकाची भर पडते. वैद्य, टेहळ्या, रसदीचा कारभारी व स्थापत्यकार ही पदे नावनिशीवार दिली जातात. शिवाय सोबत्याला शहराचा सुभेदार करणे, स्वतंत्र तुकडी देणे, १५,००० दिनार भांडवल घालून व्यापारी तांडा त्याच्या हवाली करणे हेही शक्य आहे. मृत्यूची मुभा खेळात चालू ठेवली असल्यास सोबती रणात मरतोही.

कारभाराच्या दृष्टीने ही प्रगती निर्विवाद होय. परंतु आपसांतील वैर व धन्याला खडसावणे ही दोन्ही अंगे येथे लोपली आहेत, आणि एकाच उपनावाचे दोघे भेटले तर तीच हकीगत पुन्हा ऐकावी लागते. माणसे वाढली, व्यक्ती उणावल्या. ज्याला या भरतीचा खरा रस चाखावयाचा असेल त्याने ‘वॉरबँड’पासून सुरुवात करावी आणि हाती आलेले पहिले ३० दिनार जेरेमसचा ठावठिकाणा विचारण्यात खर्च करावेत.