दर दोन तासांनी कूस

डावी कूस, उताणं, उजवी कूस. पुढे वेळ आणि सही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या चार्टवर नर्स हे भरत असते. पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा, म्हणजे शय्याव्रण, टाळण्यासाठीची इतकी साधी गोष्ट रूढ व्हायला जवळजवळ शतक गेलं, आणि आडवे आले ते त्या काळचे सर्वांत नामांकित मज्जातंतुतज्ज्ञ.

पॅरिसचे शार्को म्हणत, मज्जारज्जूला इजा झाली की बिघडलेल्या नसांमुळेच पाठीला जखमा होतात; त्या टळत नाहीत. वास्तविक त्याआधीच शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाब आणि ओल टाळली तर व्रण होत नाहीत, हे दाखवलं होतं. नाइटिंगेलबाईंनी 1859 सालीच लिहून ठेवलं की शय्याव्रण हा बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष. पण वजन शार्कोंच्या शब्दाला. 'होणारच' म्हटलं की जाब कुणाला विचारायचा? पहिल्या महायुद्धात कंबरेखाली लुळे पडलेले बहुतेक सैनिक चिघळलेल्या पाठी आणि लघवीचा संसर्ग यांनीच गेले.

फेब्रुवारी 1944 मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात मणक्याच्या जखमींचा विभाग उघडला. प्रमुख लुडविग गुटमान, नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू डॉक्टर. त्यांची सक्त ताकीद होती: दर दोन तासांनी कूस, दिवसा आणि रात्रीही. अपरात्री ते स्वतः येऊन बघत. दोनच तास का? सगळा वॉर्ड वळवून होईतो तेवढा वेळ जाई, असं सांगतात.

मग 1962 साली डोरीन नॉर्टन या नर्सनं वृद्धांच्या वॉर्डांतल्या अभ्यासातून गुणपत्रिकाच मांडली. तब्येत, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, हालचाल, मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकाला 1 ते 4 गुण. बेरीज 14 किंवा कमी, तर धोका. जखम होण्याआधीच ती कुणाला होईल हे ओळखायची सोय झाली. चोळायच्या औषधांपेक्षा वारंवार वळवणंच कामाला येतं, हेही तिथंच दिसलं.

आपल्याकडे अजून स्पिरिट चोळून पावडर थापतात. घरी कुणी अंथरुणावर असेल तर लाल झालेल्या हाडाळ जागी चोळू नका. बोटानं दाबून पाहा. लाली जात नसेल तर त्या कुशीवर निजवू नका. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं हात लावून गरम किंवा टणक लागतंय का बघा. वळवताना ओढू नका, उचला. पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहू देत.