उद्याच्या भावाचे ओझे : प्रस्तावना

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. तोंड मातीने लिंपले की आत हवा जात नसे, कीड लागत नसे. २००५च्या महापुरात यातली बरीच पेवे निकामी झाली. पेव मालाला जपत असे, भावाला मात्र नाही. तोंड उघडेपर्यंत बाजार कुठे गेलेला असेल, ही काळजी मालकाच्या उशाशीच असे. वायदेबाजाराचे शास्त्र या काळजीतून जन्मले, म्हणून मराठी वाचकाने ते परके मानू नये. वायदा, सौदा, तेजी, मंदी, सट्टा हे शब्द आपल्या पेठांत केव्हापासून रुळलेले आहेत. गणिताची धास्ती वाटत असेल तर बेरीज-वजाबाकीवर सुरुवात करता येते.

समजा, एका व्यापाऱ्याकडे ५० क्विंटल हळद आहे. आजचा भाव क्विंटलला १४,००० रुपये, चार महिन्यांपुढचा वायदा १४,५००. तेवढीच हळद तो वायद्यात विकून ठेवतो. मुदतीला भाव १२,००० वर आला, तर माल १२,००० ला जातो आणि वायद्यात २,५०० सुटतात. हाती १४,५००. भाव १७,००० झाला असता तरी हाती १४,५००च आले असते. तेजीवर त्याने आधीच पाणी सोडलेले असते. मात्र भाव चढत असताना रोजच्या रोज फरकाची रक्कम रोख भरावी लागते. माल गोदामात पडून आणि पैसा आज हवा, अशी ही ओढाताण आहे आणि पुस्तकी उदाहरणांत ती बहुधा गाळलेली असते. शिवाय हळदीचा वायदा निजामाबादच्या भावाला बांधलेला. सांगलीची राजापुरी त्याच्या पावलावर पाऊल टाकेलच असे नाही. धोका नाहीसा झालेला नसतो, त्याने हात बदललेले असतात. आत्ता तो कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न धरून ठेवा. पुढची सारी प्रकरणे त्याच्याच मागे चालली आहेत.

हा प्रश्न जुना आहे. जपानात सामुराईंना वेतन तांदळात मिळे, सरदारांचा तांदूळ ओसाकाच्या कोठारांत येई, आणि तिथल्या दोजिमा बाजाराला १७३० मध्ये शोगुन योशिमुनेच्या राजवटीने मान्यता दिली. प्रत्यक्ष तांदूळ न उचलता केवळ फरक चुकता करण्याचे सौदे तिथे चालत. १८६५ साल तर मला फार बोलके वाटते. त्या वर्षी शिकागोच्या बाजाराने धान्याचे वायदे ठरावीक नमुन्यात बसवले आणि मार्जिन भरणे नियमात आणले. त्याच वर्षी अमेरिकेतली यादवी संपून कापूस कोसळला, आणि कापसाच्या तेजीवर फुगलेल्या मुंबईत बॅकबे कंपनीच्या शेअरांचे १ जुलैच्या मुदतीचे सौदे पुरे करायला लोकांकडे पैसा उरला नाही. दिलेल्या शब्दामागे आधीच रक्कम ठेवायला लावणारे तिथे कोणी नव्हते.

धोक्यापासून अशा बचावाला इंग्रजीत ‘हेज’ म्हणतात. हेज म्हणजे कुंपण. १९४९ मध्ये आल्फ्रेड विन्स्लो जोन्स या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमध्ये एक लाख डॉलरवर फंड काढला. चांगले वाटलेले शेअर तो उसन्या पैशांची जोड देऊन घेई, आणि कमकुवत वाटलेले उसने घेऊन विकी. सगळा बाजार पडला तर दुसरी बाजू पहिलीला सावरून धरी. हे खरेच कुंपण होते. ‘लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ ही फंड-कंपनी मात्र सुमारे पावणेपाच अब्ज डॉलरच्या भांडवलावर शंभर अब्जांहून अधिक कर्ज घेऊन उभी होती, आणि तिच्या भागीदारांत दोन नोबेल मानकरी होते. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्ज थकवल्यावर कुंपणानेच शेत खाल्ले. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हने १४ वित्तसंस्थांना एकत्र बसवले आणि त्यांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर घातले. तिचे ताळेबंद मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला लावतो, कारण सूत्रे फसली कुठे याहून उसना पैसा थांबला कुठे, हे त्यांत अधिक दिसते.

आपल्याकडे जून २००० मध्ये शेअर निर्देशांकाचे वायदे सुरू झाले. डिसेंबर २०२१ मध्ये बाजारनियामक सेबीने हरभरा, सोयाबीन, गहू यांसह सात शेतमालांचे वायदे थांबवले. त्याने महागाई आवरली की शेतकऱ्याला पुढचा भाव दिसेनासा झाला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, आणि पाचव्या प्रकरणात मी त्याची कारणे देतो. तुमचे मत तिथे निराळे पडले तर मला आनंदच होईल.

पण आधी कागद-पेन्सिल घ्या. तीच ५० क्विंटल हळद, तोच १४,५०० चा वायदा, आणि भाव रोज दोनशेने चढतो आहे. दहाव्या दिवशी त्या व्यापाऱ्याने एकूण किती रोख भरलेली असेल?